कुंभारणीच्या मागावर

भुकूमच्या चौकातून पौडकडे निघालं, की प्लायवूडच्या गोदामाला लागून रईसचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुपारी रईस टेम्पो घेऊन माल पोचवायला जातो आणि गल्ल्यावर त्याची बायको रुही बसते. मधली काही वर्षं अशी गेली, की त्या वेळेला कुणी पाइपाचा अर्ध्या इंचाचा एल्बो मागायला आलं, तर बाईंची मान वर व्हायला जरा वेळ लागायचा. एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलेलं, हातात भुवया कोरायचा चिमटा, आणि समोर नमुन्याच्या पांढऱ्या टाइलवर ओळीनं मांडलेले कोळी.

"एक मिनिट हं, एवढ्याचे डोळे मोजून होऊ देत," ती म्हणायची.

नवं गिऱ्हाईक असलं तर दोन पावलं मागं सरायचं. रोजचं असलं तर टाइलवर वाकून विचारायचं, "आज काय गावलं, वहिनी?" मग रुही एल्बो काढून द्यायची, सोबत टेफ्लॉन टेप हवी का विचारायची, आणि भिंग परत डोळ्याला लावेपर्यंत आपण कितव्या कोळ्यावर होतो हे विसरलेली असायची. की पुन्हा पहिल्यापासून.

रुही मूळची पौडची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्न होऊन भुकूमला आली, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर एका ज्युनियर कॉलेजात तासिकांवर शिकवू लागली. काही वर्षांनी तासिका कमी झाल्या, मग एका जूनमध्ये कॉलेजातून बोलावणंच आलं नाही. तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. घरच्यांना वाटलं, आता ही निवांत दुकान बघेल. हिनं पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिली आणि पासही झाली.

"पगार वाढंल का त्यानं?" सासूनं, रहिमतबीनं विचारलं.

"पगार आहे कुठं अम्मा, वाढायला?"

"मग?"

 वर्गात मुलांनी विचारलेले कितीतरी प्रश्न रुहीच्या डोक्यात तसेच राहिले होते, त्यांतल्या एकाचं तरी उत्तर स्वतः शोधावं असं वाटत होतं, एवढंच. पण हे सासूला कसं सांगायचं?

तिच्या मार्गदर्शक गौतमी मॅडम पुण्याच्या एका कॉलेजात होत्या. वयानं रुहीपेक्षा लहान, बोलायला सरळ आणि कामाला कडक. पहिला विषय ठरला तो मुळशी धरणाच्या काठचे कीटक. कागदावर फार छान दिसत होता. दर पंधरवड्याला धरणाकडे जायचं, जाळ्या लावायच्या, दिव्याचे सापळे मांडायचे. प्रत्यक्षात वर्षभरात दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीला जाळी फाटकी निघाली. दुसऱ्या फेरीला ती ताम्हिणीच्या अलीकडे पोचते न पोचते तोच रईसचा फोन आला, अम्मा मोरीत घसरून पडलीय. रुही आल्या पावली माघारी फिरली. रहिमतबीचा गुडघा तेव्हापासून धरला तो धरलाच, आणि रुहीचं लांब जाणं बंद झालं.

मॅडमनी अहवाल पाहिला. "असं नाही चालणार हो. विषय बदला नाहीतर सोडून द्या. राग मानू नका."

रुहीनं राग मानला नाही. घरी येऊन तिनं ती फाटकी जाळी माळ्यावर टाकून दिली.

आणि मग पावसाळा सरता सरता एक गिऱ्हाईक भांडत दुकानात आलं. कालच नेलेला पाइपाचा बेंड त्यानं गल्ल्यावर आपटला. "काय माल देता हो? आत सगळा चिखल भरलाय!"

रुहीनं दुसरा बेंड काढून दिला आणि तो परत आलेला उजेडात धरला. आत वाळलेल्या मातीचा गुळगुळीत गोळा होता. कुंभारीण, ती बारीक कमरेची, काळी-पिवळी गांधीलमाशी, तिचं घर. दुकानाच्या शटरपासून देवळाच्या मंडपापर्यंत ही घरं सगळीकडे असतात. रुहीनं स्क्रू-ड्रायव्हरनं गोळा टोकरला, आणि त्यातून टाइलवर कोळी सांडले. पाच, सहा, नऊ. मेलेले नव्हते. पाय किंचित किंचित हलत होते.

कुंभारीण कोळ्याला डंख मारून बधिर करते, मातीच्या खोलीत कोंबते, वर एक अंडं घालते आणि दार लिंपून टाकते. आतली अळी मग ते ताजं मांस खाऊन मोठी होते. हे रुहीनं वर्गात कित्येकदा शिकवलं होतं. पण आता ती बघत होती तो एक कोळी हिरवट पोटाचा, पाठीवर पांढऱ्या नक्षीचा. लग्न होऊन ती इथं आली त्याला अठरा वर्षं झाली होती. असला कोळी तिनं भुकुमात कधी पाहिला नव्हता. मग या बयेला कुठं सापडला?

तिनं तिथूनच मॅडमना फोन लावला. "मॅडम, मला जाळी नको, सापळे नकोत. ही माशी रोज कोळी गोळा करून आणते, मोजून कप्प्यात भरते, वर सील करते. फुकट. मी फक्त उघडून बघायचं. कुठल्या भागात कुठले कोळी आहेत ते तिच्या घरातून कळेल."

 मग मॅडम म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे. दुसऱ्या देशांत काहींनी केलंयही असं. पण ती नेमकी कुठून गोळा करते, हे तुम्ही कसं सांगणार?"

"ते नाही माहीत."

"मग तेच शोधा. तोच विषय."

असं ते काम सुरू झालं. कोळी ठेवायला बाटल्या लागायच्या, त्या शेजारच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी दिल्या, साबुदाण्याच्या गोळ्यांच्या इवल्या बाटल्या. त्यात घालायला स्पिरिट लागायचं. कोरोनात रईसनं हौसेनं सॅनिटायझरचे कॅन भरून ठेवले होते, ते माळ्यावर तसेच पडून होते. मॅडमनी लेबल वाचलं आणि चालेल म्हणाल्या. भिंग सासऱ्यांचं. मौला घड्याळजी म्हणून ते पौडच्या बाजारात ओळखले जायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण हत्यारांचा डबा घरात होता. राहिले परदेशी मासिकांतले लेख. ते वाचायला जी वर्गणी पडते ती ऐकूनच रुहीनं तो नाद सोडला आणि थेट लिहिणाऱ्यांनाच ईमेल पाठवायला सुरुवात केली. 'आपला लेख मिळेल का?' आश्चर्य म्हणजे बहुतेक जण पाठवायचे. एका ब्राझीलच्या म्हाताऱ्या प्राध्यापकानं तर लेखाबरोबर स्वतःच्या अंगणातल्या कुंभारणींचे फोटो धाडले.

पहिली अडचण बाहेरची नव्हतीच, घरातलीच होती. रहिमतबीनं सुनेला कुंभारणीचं मातीचं घर फोडताना पाहिलं आणि ती काठी टेकत टेकत पुढं आली.

"कुंभारणीचं घर मोडू न्हाई. पोरंबाळं आजारी पडत्यात."

"अम्मा, मी सगळं नाही मोडत. एका घरात पाच-सहा खोल्या असतात. त्यातली एकच उघडते."

"आन् बाकीच्यांचं काय? भोक पडल्यावर मुंग्या जातील की आत."

रुहीनं हा विचारच केला नव्हता. उघड्या खोलीशेजारच्या खोल्यांना खरंच तडा जात होता. रहिमतबीनं वाटीत माती भिजवली, करंगळीनं ती तड्यावर फिरवली आणि बोट पदराला पुसलं. "तू एक घे. मागनं मी लिंपून दीन. पर समदं मोडायचं न्हाई."

"कबूल."

त्या दिवसापासून म्हातारी या कामात ओढली गेली, तिच्या नकळत.

तीन जागा ठरल्या. एक म्हणजे दुकानाच्या आसपासची जुनी घरं. दुसरी सगुणाबाईचा गोठा, ओढ्याकडच्या भातखाचरांना लागून. सगुणाबाई नव्या खोल्या बांधून भाड्यानं देत होती आणि पाइप-तोट्या रईसकडूनच नेत होती, त्यामुळे गोठ्यात यायला-जायला मोकळीक होती. तिची एकच अट, म्हशीच्या मागं उभं राहायचं नाही, ती नव्या माणसाला लाथ घालते. तिसरी जागा दुकानासमोरची, रस्त्यापलीकडची नवी सोसायटी. पार्किंगच्या भिंती, खांब आणि मीटरच्या पेट्या कुंभारणींनी नुसत्या लिंपून काढल्या होत्या.

सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजित यांनी तिला पहिल्याच दिवशी हटकलं. "मॅडम, तुम्ही पेस्ट कंट्रोलकडून का?"

"नाही हो, मी समोरच्या हार्डवेअरची. पीएच.डी. करतेय."

इंद्रजितनी तिच्या हातातल्या चिमट्याकडे आणि साबुदाण्याच्या गोळ्यांच्या बाटलीकडे पाहिलं. "कशात?"

तिनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, की कुणाच्या बाल्कनीत मातीची घरटी असतील तर हार्डवेअरवाल्या मॅडमना कळवा, त्या मोफत काढून देतात. रुहीनं हे कधीच म्हटलं नव्हतं. पण फोन यायला लागले. भाकरी तव्यावर असताना, गिऱ्हाईक पाइप कापून मागत असताना, मुलगी हॉस्टेलवरून बोलत असताना. "मॅडम, एसीच्या मागे एक झालंय." "मॅडम, माझ्या मुलाच्या बुटात!" रुही जायची. वैतागायची, पण जायची, कारण असल्या जागा तिला एकटीला जन्मात सापडल्या नसत्या.

आणि तिथंच कोडं पडलं.

गोठ्यातल्या घरांत भातात राहणारे लांब पायांचे कोळी निघाले. दुकानाजवळच्या घरांत अंगणातले, तुळशीपाशी दिसणारे, आणि मधूनच तो हिरवट पोटाचा, जो तिला शेवटी परसातल्या पानांमागे दडलेला सापडला. ते सगळं समजण्यासारखं होतं. पण सोसायटीतली मातीची घरं उघडावीत तर आत जवळजवळ एकाच जातीचे. करडा रंग, पोटावर दोन उंचवटे, अंगानं भरलेला. हे गोल जाळं विणणारे कोळी, त्यांना जाळं ताणायला जागा लागते. सोसायटीत होतं काय? हिरवळीचा एक तुकडा आणि कापून सपाट केलेलं कुंपण. रुहीनं ते कुंपण फांदी फांदी करून पाहिलं. हिरवळीवर गुडघे टेकून पाहिलं. वॉचमनला वाटलं, बाईंचं मंगळसूत्र हरवलं. तोही बिचारा शोधायला लागला.

"काळी पोत घालते मी, ती आहे गळ्यात," रुही म्हणाली, "मी कोळी शोधतेय." तेव्हा तो जागेवर जाऊन बसला.

करडा कोळी कुठंच नव्हता.

"तिच्याच मागं जावं लागेल," ती घरी म्हणाली.

"कुनाच्या?" रहिमतबीनं विचारलं.

"कुंभारणीच्या."

पण उडणाऱ्या माशीच्या मागं जायचं कसं? एकीसारखी दुसरी. कुठली आपली आणि कुठली परकी, हेच कळत नाही. ओळखायला खूण हवी. यावर रईस जेवता जेवता म्हणाला, "खूण करायचं माझ्यावर सोड." दुसऱ्या दिवशी सकाळी तो पांढऱ्या ऑइलपेंटचं झाकण आणि खराट्याची काडी घेऊन पार्किंगमध्ये आला. एक कुंभारीण घर लिंपण्यात अशी गुंग झाली होती, की तिला आजूबाजूचं भान नव्हतं. रईसनं श्वास रोखला आणि काडीचं टोक तिच्या पाठीला टेकवलं. पांढरा ठिपका.

"आजवर हजारो भिंतींना रंग विकला," तो म्हणाला, "पण गिऱ्हाईक असलं पहिलंच."

मग पहारा सुरू झाला. रुहीला दुकान सुटत नव्हतं. म्हणून रईस सिमेंटच्या गोण्यांबरोबर आईलाही टेम्पोत बसवायचा आणि पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर नेऊन सोडायचा. सोबत पाण्याची बाटली आणि मोबाइल. ठिपकेवाली उडाली, की म्हातारी फोन करायची. "गेली गं!" रुहीनं तिकडे धाव घ्यावी, तर गल्ल्यासमोर कुणीतरी वॉशर घेऊन उभं. "अम्मा, कुठल्या बाजूला गेली?" "वर गेली." "वर म्हणजे?" "वर म्हंजी वर! आभाळात! मी काय पाखरू हाय का मागं जायाला?"

सुरुवातीला रुहीला वाटलं, म्हातारीची नजर चुकत असेल. कुंभारीण खाली, झाडाझुडपांत शिकार करते असंच पुस्तकात होतं. पण रोज तेच. कुंपणाकडे नाही, हिरवळीकडे नाही. भिंतीवरून सरळ वर आणि पश्चिमेला. अखेर एका रविवारी रईस दुकानात थांबला आणि रुहीनं इंद्रजितकडे गच्चीची किल्ली मागितली.

"मीपण येऊ का?" इंद्रजितनी विचारलं. "माझ्याकडे दुर्बीण आहे. ट्रेकला घेतली होती, तेव्हापासून कपाटातच आहे."

गच्चीवर उन्हं अजून तिरपी होती. खाली खुर्चीत रहिमतबी, वर हे दोघं. फोन चालूच ठेवला होता. "निघाली," खालून आवाज आला. रुहीनं दुर्बीण लावली. काही दिसेना. डोंगर, पाण्याच्या टाक्या, सोलरची तावदानं. मग एक ठिपका कठड्याशेजारून गेला, आणि तिनं दुर्बीण तशीच त्याच्याबरोबर फिरवली.

पश्चिमेला, भिंतीला लागून, दोन वर्षांपासून काम अडलेली इमारत होती. बांबूच्या परांचीवर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी गुंडाळलेली, उन्हापावसानं विटलेली, जागोजाग लोंबणारी. रोज दुकानातून दिसणारी. रोज बघून न बघितलेली. आज उन्हं तिच्यावर तिरपी पडली होती, आणि त्या जाळीच्या घडीघडीत, बांबूबांबूच्या मध्ये कोळ्यांची शेकडो गोल जाळी चमकत होती. सोसायटीचे दिवे रात्रभर त्या बाजूला पडायचे, दिव्यांवर किडे यायचे, आणि किडे धरायला कोळी. रुहीनं दुर्बिणीत एक जाळं धरलं. मधोमध करडा. पोटावर दोन उंचवटे.

 तिनं दुर्बीण इंद्रजितच्या हातात दिली आणि बोटानं दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"आम्ही या जाळीविरुद्ध तीन वेळा तक्रार केलीय," ते म्हणाले. "घाण दिसते म्हणून."

"गावली का?" फोनमधून रहिमतबी ओरडत होती. "अगं बोल की! गावली का?"

"गावली, अम्मा."

मॅडम स्वतः बघायला आल्या. गच्चीवर उभं राहून म्हणाल्या, हे छापण्यासारखं आहे. रुही त्या संध्याकाळी दुकानात कुणी पाऊण इंची तोटी मागितली तर एक इंची देत होती.

हे सगळं असंच सरळ पुढं गेलं असतं तर सांगण्यासारखं थोडंच उरलं असतं. रुहीनं सोसायटीच्या खांबांवरची घरं मुद्दाम न उघडता ठेवली होती. उन्हाळ्यात त्यातून कोण कोण बाहेर येतं, ते बघायचं होतं. प्रत्येक घराला खडूनं नंबर घातलेला. संक्रांत झाली, आणि एका सकाळी ती पार्किंगमध्ये गेली तर सगळीकडे पातळ धूळ उडत होती. चार पेंटर पत्र्याच्या पट्ट्यांनी भिंती खरवडत होते. खांब साफ झाले होते. खाली मातीच्या ढेपा, त्यांत खडूचे तुटके आकडे. कडेला रंगाचे डबे रचलेले. डब्यांवर चिकटवलेलं बिल रईसच्या हस्ताक्षरातलं.

ती दुकानात आली तेव्हा रईस गिऱ्हाईकाला रंगाचं कार्ड दाखवत होता. ते जाईपर्यंत ती थांबली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"सोसायटीला रंग देणार ते."

"रंग मीच दिला की. मोठी ऑर्डर..." आणि मग त्याच्या लक्षात आलं. "तुझं तिथलं राहिलं होतं?"

"खांबांवरचं सगळं राहिलं होतं."

"मला वाटलं संपलं. ते गच्चीवरून दिसल्यावर तू म्हणालीस, सुटलं कोडं म्हणून."

"कोडं सुटलं म्हणाले. काम संपलं म्हणाले का?"

"राहिलंय असंही म्हणाली नाहीस."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. रुही मागं फिरली, सोसायटीत गेली आणि पेंटरांकडून ती खरवडलेली माती सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरून आणली. आठवडाभर ती चाळत बसली. रंगाचे पापुद्रे, पुट्टी, कोळ्यांचे तुटके पाय, अळ्यांचे कोश. कुठलं कुठल्या खांबावरचं, काही पत्ता नाही. मॅडमनी फोनवरच सांगितलं, "यातला एक आकडाही वापरता येणार नाही, रुही. मला वाईट वाटतंय. पण नाही."

रुहीलाही ते ठाऊक होतं. तिनं पोतं उचललं आणि सगुणाबाईच्या खाचराच्या बांधावर रिकामं केलं. भिंग डब्यात गेलं. त्यानंतर बरेच दिवस जो एल्बो मागेल त्याला एल्बो लगेच मिळत होता. रईस घरात पाऊल हळू टाकायचा. एकदा त्यानं आपण होऊन विचारलं, "दुसरी एखादी सोसायटी बघू का? सूसला माझी ओळख आहे." ती म्हणाली, "तिथं ती जाळी नाही." 

एके दिवशी दुपारची जेवणं उरकली होती, रहिमतबी दारात बसून गुडघ्याला तेल चोळत होती. उन्हाळा लागला होता. ती रस्त्यापलीकडे बघत म्हणाली, "काढली वाटतं."

"काय?"

"ती हिरवी जाळी. बिल्डरचं काम परत लागलं. सकाळधरनं उतरवत्यात."

रुहीनं बाहेर येऊन पाहिलं. परांची निम्मी उघडी पडली होती. जाळीच्या गुंडाळ्या ट्रकवर चढत होत्या.

"आता खातील काय गं ह्या कुंभारणींची पोरं?" म्हातारी म्हणाली.

ती काही सल्ला देत नव्हती. तिला खरंच पडलेला प्रश्न होता तो. पण रुही तिथंच उभी राहिली. भिंत कोरी. जाळी गेलेली. जाळी होती तेव्हाचे आकडे तर सगळे तिच्याकडे होतेच, ते कुणी खरवडले नव्हते. आता नव्यानं जी घरं होतील, त्यांत कोण असेल? तिनं आत जाऊन मॅडमना फोन केला, आणि त्याच आठवड्यात मुदतवाढीचा अर्ज पाठवला.

तो पुढचा पावसाळा बघण्यासारखा होता. ऑइलपेंट इतका गुळगुळीत, की पहिल्या काही कुंभारणींची घरं सुकली आणि पोपडा निघावा तशी खाली पडली. रईस रोज सकाळी जाऊन बघून यायचा आणि दुकानात पाऊल ठेवता ठेवता सांगायचा, "अजून एक पडलं. रंग चांगला आहे, त्यात माझा दोष नाही." मग कुंभारणी मीटरच्या पेट्यांमागे गेल्या, चपलांच्या रॅकमध्ये, सायकलींच्या सीटखाली. इंद्रजितनी आता ग्रुपवर वेगळा निरोप टाकला, घरटं दिसलं तर हात लावू नका, फोटो आणि फ्लॅट नंबर पाठवा. लोकांनी पाठवले. एका बाईनं तर शू-रॅकचा एक कप्पाच सोडून दिला.

पहिली खोली उघडली तेव्हा रुही, रईस आणि रहिमतबी तिघंही दुकानात होती. टाइलवर सांडले ते इवलेइवले, उडी मारून शिकार करणाऱ्या जातीचे कोळी. बाल्कनीतल्या कुंड्यांवर असतात ते. करडा एकही नाही. आणि मोठ्या करड्या कोळ्यांनी जी खोली आठ-दहांत भरायची, तीत आता वीस-बावीस कोंबलेले.

"म्हंजी दुप्पट फेऱ्या झाल्या बिचारीच्या," रहिमतबी म्हणाली.

"हो."

"आन् एका फेरीत एकच धरती?"

"एकच."

म्हातारी करंगळीनं एकेक कोळी बाजूला सारत मोजायला लागली.

प्रबंध पूर्ण व्हायला त्यानंतर आणखी एक वर्ष गेलं. बिलं करता करता लिहिलेला, त्यामुळे एका प्रकरणाच्या मसुद्यात मधेच 'पीव्हीसी सोल्युशन, लहान डबी' असं छापून गेलं आणि ते मॅडमनीच पकडलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक गंभीर होते. त्यांनी विचारलं, "यात सोसायटीचे एका उन्हाळ्याचे आकडे नाहीत. का?"

"भिंतींना रंग दिला गेला, सर. घरं खरवडली गेली."

"आधी कळलं नाही तुम्हाला?"

"रंग आमच्याच दुकानातला होता," रुही म्हणाली.

मागच्या बाकावर रईसनं मान खाली घातली. लोक हसले, परीक्षकही हसले. मग त्यांनी सांगितलं, की जाळी निघाल्यानंतरचं प्रकरण त्यांना सगळ्यात आवडलं, पण ही एकाच सोसायटीची गोष्ट आहे, त्यावरून सगळ्या गावाबद्दल काही म्हणू नका. शेवटच्या परिच्छेदातली दोन वाक्यं त्यांनी काढायला लावली. रुहीला वाटलं, बरोबर आहे. तिनं काढली.

डॉक्टर झाल्यावर काय बदललं? एका कॉलेजानं तिला तासिका दिल्या, आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे दिवस दुकान. नावापुढं डॉक्टर लागल्यामुळे शेजारचा एक जण खोकल्याचं औषध विचारून गेला. सगुणाबाईनं पेढे नेले, आणि गोठा पाडून तिथंही खोल्या बांधायचा विचार आहे, पण म्हैस विकल्यावर, असं सांगून गेली. रुहीनं म्हशीला उदंड आयुष्य मागितलं.

रहिमतबी मात्र पार्किंगमध्ये जायची थांबली नाही. गुडघा जरा बरा झालाय, आता ती काठी टेकत स्वतःच जाते. सोसायटीतल्या दोन आज्याही खुर्च्या घेऊन तिच्याशेजारी बसतात. परवा सकाळी रुही कॉलेजला निघालेली, पर्स खांद्याला, बस यायची वेळ, आणि फोन वाजला.

"रुही, ती हिरवी कोन गं?"

"कुठली हिरवी, अम्मा?"

"मन्याएवढी. चकाकतीय नुसती, काचंच्या बांगडीवानी. कुंभारीन बाहेर पडली, का ही आत शिरती. घडीभर बसती आन् पळती. काल बी आलती. परवा बी. त्या चपलांच्या रॅकपाशी."

रुही थांबली. असलं काहीतरी ब्राझीलच्या प्राध्यापकांच्या लेखात पुसटसं वाचल्यासारखं आठवत होतं. दुसऱ्याच्या भरल्या घरात गुपचूप अंडं घालणारी एक माशी. पण ती इथली का? इथं कुणी पाहिलीय का?

"आत जाऊन करते काय ती?"

"ते मला कसं दिसंल? दार इवलंसं. तू ये."

पलीकडून बस येताना दिसली. रुहीनं कंडक्टरला हातानंच नको म्हणून सांगितलं, कॉलेजात पहिला तास चुकेल असा मेसेज टाकला, आणि सोसायटीच्या फाटकाकडे चालू लागली.

"अम्मा, हलू नका. नजर काढू नका तिच्यावरून. आलेच मी."